सम्राटानं पाणी कधी घेतलं

शुक्रवारी आमच्या घरी वंदनेला लोक जमायचे, तेव्हा दाराबाहेर एकही चप्पल दिसता कामा नये, असा पप्पांचा नियम होता.

नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं. आमचा फ्लॅट बहारीनमधल्या उम्म अल हस्सममध्ये, तिसऱ्या मजल्यावर. गावांकडच्या रस्त्यांवर टायर जळायचे, मधूनच कुठेतरी गॅसचा सिलिंडर फुटल्याचा आवाज यायचा, आणि चार माणसं एकत्र उभी दिसली की पोलिसांची जीप हळू व्हायची. सरकार आणि गावांतल्या लोकांच्या त्या भांडणाशी आमचा काही संबंध नव्हता. आम्ही नागपूरकडची बौद्ध माणसं. पण बाहेर चपलांचा ढीग पाहून कुणी बेल वाजवली असती, तर पांढरे कपडे घालून एका खोलीत बसलेली ही सगळी माणसं काय म्हणतायत, हे अरबीत कसं सांगायचं ते आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून दारात मी उभी असायची. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे किराणा दुकानातून, आणलेल्या पिवळ्या प्लास्टिकच्या पिशव्या माझ्या हातात असत. आलेल्या प्रत्येकाला मी एक पिशवी द्यायची, त्यांनी आपले बूट त्यात घालायचे आणि पॅसेजमध्ये भिंतीला लावून ठेवायचे. जाताना मी पिशव्या उचलून द्यायची. हे काम मला आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे. मला मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून इंग्लिशच निघायचं. आता लिहिते आहे ते मराठी मी नंतर शिकले.

बारावीनंतर मी पोस्टानं बी.ए. करत होते, इतिहास घेऊन. पुस्तकांचं पार्सल भारतातून यायचं. त्या वर्षी रोमचा एक सम्राट अभ्यासाला होता, ख्रिस्ती धर्म जवळ करणारा पहिला. त्याचं नाव आईला नीट उच्चारता येईना, म्हणून घरात त्याला नुसतं 'सम्राट' म्हणत.

वंदनेनंतर दर शुक्रवारी कुणीतरी दहा मिनिटं बोलायचं, अशी आमच्या छोट्या मंडळाची पद्धत होती. एका शुक्रवारी पप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या वेळेस आमची पोरगी बोलेल."

"कशावर बोलणार मेमसाहेब?" सेक्रेटरी काकांनी विचारलं. ते मुंबईचे, बँकेत होते, आणि मंडळाचं सगळं तेच बघायचे. "आणि मराठीत हां. नाहीतर आम्हाला डिक्शनरी घेऊन बसायला लागेल."

सगळे हसले. मला फक्त सम्राट आठवला. "रोमन एम्परर," मी म्हटलं. "हिज कन्व्हर्जन."

"म्हणजे धर्मांतर! वा. अशोकावर दर वर्षी कुणी ना कुणी बोलतंच. हे नवीन आहे." त्यांनी लगेच सगळ्यांना सांगून टाकलं. आता विषय बदलता येणार नव्हता.

पुढचा आठवडाभर मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून भाषण म्हणून दाखवायची आणि आई पीठ मळता मळता ऐकायची. लढाईच्या आधी सम्राटाला सूर्याच्या वर प्रकाशाची खूण दिसली, असं एक जण लिहितो. दुसरा म्हणतो, खूणबिण काही नाही, नुसतं स्वप्न पडलं. ती खूण त्यानं शिपायांच्या ढालींवर काढून घेतली आणि लढाई जिंकली. मग ज्याला जो धर्म पाळायचा तो पाळू द्या, असं जाहीर केलं. पण त्याच्या नाण्यांवर पुढे कितीतरी वर्षं सूर्यदेव तसाच राहिला.

"मग बदलला कुठं तो?" आई म्हणाली.

"स्लोली, आई."

"आपलं तसं नाही झालं. तुझे आजोबा एका दिवसात घरातले सगळे देव उचलून नदीवर घेऊन गेले."

पप्पा दारातून म्हणाले, "आणि राजानं सांगितलं म्हणून नाही हां. स्वतःहून. हे सांगजो भाषणात."

मी मान हलवली. ते कसं सांगायचं, कुठे घालायचं, मला कळत नव्हतं.

माझं भाषण होतं त्याच शुक्रवारी सकाळी माझी गोव्याची मैत्रीण मला चर्चमध्ये घेऊन गेली. तिच्या बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे बहारीनमध्ये चर्चही शुक्रवारीच भरायचं. पाद्र्यानं बाळाच्या कपाळावर पाणी ओतलं, बाळ रडलं, सगळे हसले. मीही हसून मागे वळून पाहिलं.

शेवटच्या बाकावर एसीवाले काका गुडघे टेकून बसले होते.

ते पप्पांचे गाववाले. एकाच कंपनीतून दोघं इथे आले होते. काका एसी दुरुस्त करायचे आणि बुसैतीनला एका खोलीत मंडळातल्याच तिघांबरोबर राहायचे. वंदनेला त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा असायचा. आता त्यांचे डोळे मिटलेले होते, हातात मण्यांची माळ होती आणि ओठ हलत होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि मी दिसले.

कुणी माणूस मला घाबरलेला मी तोवर पाहिला नव्हता. मी नेहमी दुसऱ्यांना घाबरायची. ते माझ्याकडे असे बघत होते की मीच मान खाली घातली.

कधीमधी वंदना दुसऱ्याच्या घरी व्हायची, तशी त्या संध्याकाळी होती. मी डोकं दुखतंय सांगून गेले नाही, आणि माझं भाषण पुढच्या शुक्रवारवर गेलं.

मधल्या एका दुपारी बेल वाजली. पप्पा ड्यूटीवर होते. दारात एसीवाले काका, हातात टूलबॅग.

"वहिनी, एसी आवाज करतो म्हणत होते ना तुमचे साहेब? म्हटलं बघून टाकतो."

आई चहा टाकायला आत गेली. काका स्टुलावर चढले, एसीची जाळी काढली. जाळीवर काळी धूळ बसली होती. ती हातात धरून ते तसेच उभे राहिले.

"शुक्रवारी तू बोलून राहिली ना?"

"हो, काका."

"माझ्यावर नाही ना बोलणार?"

मी जोरात नाही अशी मान हलवली.

"मी काही सोडलं नाही गं पोरी," ते हळू म्हणाले. "मागच्या साली शिडीवरून पडलो, महिनाभर हॉस्पिटलात होतो. आपले लोक यायचे, पण ड्यूटी सांभाळून. एक मल्याळी सिस्टर रोज रात्री पाच मिनिटं खुर्ची घेऊन बसायची. प्रार्थना करायची. मी म्हटलं, करू दे. मग सवय लागली." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं नाही अजून. घेऊ की नको, काही समजून नाही राहिलं. पण पोरीचं जमलंय. सेक्रेटरीच्या पुतण्याशी. त्याला कळलं तर खलास."

लग्नाचं मला आधीच माहीत होतं. लग्न ठरल्याचे पेढे आमच्याकडेही आले होते. सेक्रेटरी काका धर्माच्या बाबतीत किती कडक होते तेही माहीत होतं. एका घरात गणपतीचं कॅलेंडर दिसलं म्हणून ते तिथे चहा न घेता उठून आले होते.

"तुझ्या त्या सम्राटानं पाणी कधी घेतलं?" काकांनी विचारलं.

"अगदी शेवटी. मरताना."

"तोवर काय होता मग?"

"कोणाला नक्की माहीत नाही."

"कुणी विचारलं नाही त्याला?"

"तो एम्परर होता, काका."

"हं." त्यांनी जाळी खाली घेतली. "एम्पररला कोण विचारते."

आई चहा घेऊन आली तेव्हा ते मोरीत जाळी धूत होते आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होते, जणू काही झालंच नव्हतं. मला तसं करता आलं नाही.

शुक्रवार आला. दुपारपासून आकाशात हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. तरी लोक आले, दोघं-दोघं करून, अंतर ठेवून. मी पिवळ्या पिशव्या देत होते. एसीवाले काका उशिरा आले. बूट पिशवीत घातले, पिशवी भिंतीला लावली, आत जाऊन बसले. मग लगेच उठले. "हात धुतो," म्हणाले आणि पॅसेजमध्ये गेले. मी बाजूला सरकले. ते सकाळी कुठून आले असणार ते मला माहीत होतं, आणि त्यांच्या पातळ पांढऱ्या सदऱ्याचा खिसा फुगलेला होता, मणी वरून मोजता आले असते. ते खाली वाकले, पिशवीत काहीतरी कोंबलं आणि हात न धुताच आत गेले. मी पाहिलं नाही असं केलं.

टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. त्रिशरण झालं, पंचशील झालं. काकांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. मग सगळे माझ्याकडे वळले.

मी उभी राहिले. पहिली दोन वाक्यं मला स्वतःलाच ऐकू आली नाहीत. "जरा मोठ्यानं," पप्पा म्हणाले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलत राहिले. लढाई, खूण, ढाली, नाण्यांवरचा सूर्य. सम्राटानं रविवारची सुट्टी जाहीर केली, असं म्हटलं तेव्हा मागून एक जण म्हणाला, "त्याला म्हणावं, आमच्या कंपनीला पण सांग." हशा झाला आणि मला श्वास घेता आला. नवी राजधानी, धर्मगुरूंची सभा. आपल्या मुलाला आणि बायकोला त्यानं ठार मारायला लावलं, हेही सांगितलं, कारण पुस्तकात होतं. शेवटी तो आजारी पडला तेव्हा त्यानं पाणी घेतलं, आणि त्यानंतर राजाचे जांभळे कपडे अंगाला लावले नाहीत. पांढऱ्या कपड्यांतच गेला.

"दॅट्स ऑल," मी म्हटलं. "म्हणजे, झालं."

टाळ्या पडल्या. मी खाली बसणार, इतक्यात सेक्रेटरी काका म्हणाले, "थांब. एक सांग. इतकी वर्षं नाण्यावर सूर्य, आणि इकडे पाद्र्यांच्या सभा. मग हा माणूस खरा ख्रिस्ती होता की ढोंगी?"

मी एसीवाल्या काकांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं. ते चटईची एक काडी नखानं सोलत होते.

"बोल ना," सेक्रेटरी काका म्हणाले. "आपल्यात असं चालत नाही. एक पाय इकडे, एक तिकडे. आपल्याला असा माणूस दिसला, तर काय करशील?"

"मला वाटतं..." मी म्हटलं. पुढचा शब्द मराठीत सापडेना, इंग्लिशमध्येही नाही. "मला वाटतं, तो घाबरत असेल."

"सम्राट? घाबरत?" ते हसले.

तेवढ्यात बाहेर मोठा धमाका झाला. खिडकीच्या काचा थरथरल्या. लहान मुलं रडायला लागली. पप्पांनी दिवा घालवला, मेणबत्त्या फुंकल्या, आणि सगळे एकदम उठले. कुणीतरी म्हणालं, सिलिंडर. कुणीतरी म्हणालं, जवळच होता, यल्ला, चला, रस्ते बंद करायच्या आत निघा. पॅसेजच्या अंधारात सगळ्यांचे हात पिवळ्या पिशव्यांवर पडले. मी द्यायच्या आधीच लोक पिशव्या उचलत होते, आत डोकावून परत ठेवत होते.

सेक्रेटरी काकांनी आपली पिशवी शोधली, दाराशी एका पायावर उभं राहून बुटात पाय घातला आणि ओरडले.

त्यांनी बूट उलटा केला. त्यातून निळ्या चौकड्यांचा रुमाल पडला आणि रुमालातून माळ. काळे मणी, खाली छोटा क्रॉस. जिन्याच्या दिव्यात तो क्रॉस चांगला चकाकला.

घाईघाईत एसीवाल्या काकांनी ती आपल्या नाही, शेजारच्या पिशवीत कोंबली होती.

"हे काय आहे?" सेक्रेटरी काकांनी माळ दोन बोटांनी उचलली. "माझ्या बुटात? कोणाची ही थट्टा? की कुणी चिकटलाय त्या पाद्र्यांना?"

बाहेर लांब कुठेतरी सायरन वाजत होता. निघायची घाई असलेली सगळी माणसं जागीच थांबली. एसीवाले काका सगळ्यांत मागे होते, पिशवी छातीशी धरून. त्यांचं तोंड उघडं होतं. ते बोलणार होते, आणि बोलले की त्यांची पोरगी, बुसैतीनची खोली, पप्पांची मैत्री, सगळं त्या पॅसेजमध्येच संपणार होतं.

"पिशव्या कुणाकडे होत्या?" सेक्रेटरी काका म्हणाले.

"माझी आहे," मी म्हटलं.

मराठीत म्हटलं. माझा आवाज इतका स्पष्ट मी आधी कधी ऐकला नव्हता.

"माझ्या मैत्रिणीनं दिली. मी लपवत होते. चुकून तुमच्या पिशवीत गेली."

सेक्रेटरी काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पप्पांकडे. "अस्सं. म्हणून तो सम्राट." त्यांनी माळ माझ्या तळहातावर टाकली. "मुलीकडे लक्ष द्या साहेब. शाळा इंग्लिश, मैत्रिणी इंग्लिश, मग असंच होतं."

लोक उतरून गेले. एसीवाले काका माझ्या समोरून गेले, तेव्हा त्यांची मान खाली होती. हळूच, माझ्याकडे न बघता, ते एवढंच म्हणाले, "बुटात ठेवली मी. बुटात." आणि जिना उतरले.

दार लावल्यावर आईनं रुमाल उचलला, घडी घातली, परत उघडला. "हा पुरुषाचा रुमाल आहे," ती म्हणाली.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"कोण आहे तो?" पप्पांनी विचारलं.

"कोणी नाही."

"चर्चमध्ये भेटते का त्याले?"

खरं सांगितलं असतं, तर पप्पांनीच सेक्रेटरी काकांना सांगितलं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं. पप्पांनी माझ्याकडून माळ आणि आईकडून रुमाल घेतला आणि दोन्ही आपल्या ऑफिसच्या बॅगेत ठेवलं. त्या आठवड्यात मला फोन घ्यायला मनाई झाली. मैत्रीण आली तर आईनं तिला दारातूनच परत पाठवलं. मला नागपूरला आत्याकडे पाठवायचं का, हे दोघं बंद दाराआड बोलत होते, मला ऐकू यावं एवढ्या आवाजात. मी अंथरुणात पडून त्या तिसऱ्याच, कधी नसलेल्या मुलाची भीती वाटून घ्यायची. आपण त्याला भेटलोच असू, असंही एकदा वाटून गेलं.

पुढच्या शुक्रवारी पप्पांनी मला पुढे बसवलं. "आज पंचशील ही म्हणेल," ते म्हणाले. "मागून सगळे म्हणा."

ती परीक्षा होती, सगळ्यांना कळत होतं. सेक्रेटरी काका हाताची घडी घालून बसले होते. एसीवाले काका आले होते, न येणं जास्त दिसलं असतं म्हणून. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. जीव न घेण्याचं शील. न दिलेलं न घेण्याचं. तिसरं. मागून सगळे म्हणत होते, काकांचा आवाज त्यात वरच्या पट्टीत.

चौथं शील खोटं न बोलण्याचं.

दोन शब्द झाले आणि मी अडले. मला वाटलं, मागून कुणीतरी सांभाळून घेईल, एसीवाले काका तरी, त्यांना सगळं पाठ होतं, लहान मुलं अडली की तेच पुढे म्हणायचे. पण त्यांचा आवाज आला नाही. ते सगळ्यांत मोठ्यानं म्हणणारे काका नेमके तिथेच गप्प होते.

मी डोळे उघडले. पप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते वळून मागे बघत होते, आपल्या गाववाल्याकडे. काकांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, मग कपाळ. बाही, रुमाल नाही. पप्पा कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता झालं. आता ते उठतील आणि बोलतील.

पप्पा समोर वळले, हात जोडले आणि चौथं शील स्वतः म्हणाले, इतक्या मोठ्यानं की दार बंद असूनही आईनं घाबरून दाराकडे पाहिलं. मग पाचवंही त्यांनीच म्हटलं. "पाठांतर कच्चं आहे पोरीचं," ते सेक्रेटरी काकांना म्हणाले. "इंग्लिश मीडियम."

त्या दिवशी वंदना संपल्यावर मी पिशव्या द्यायला उठले, तर पप्पांनी मला बसवलं. ते स्वतः पॅसेजमध्ये उभे राहिले आणि एकेकाला पिशवी देत गेले, जय भीम म्हणत. एसीवाले काका सगळ्यांत शेवटी आले. त्यांची पिशवी पप्पांनी दोन्ही हातांनी दिली. पिशवीच्या तोंडाला निळ्या चौकड्यांचा रुमाल गाठ मारून बांधलेला होता, आत काहीतरी ठेवून, बुटांच्या वर.

काकांनी ती गाठ चाचपून पाहिली.

"पोरीचं लग्न होईस्तोवर जपून," पप्पा हळू म्हणाले. "मग तू आणि तुझा सम्राट. काय करायचं ते करा."

मग त्यांनी दार अर्धं उघडलं, जिन्यात कुणी आहे का ते पाहिलं, आणि काकांना जाऊ दिलं.